निळं लुगडं, पिवळा उजेड

मी एक जुना, सोडियमचा पिवळा दिवा आहे. सेलूत, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीसमोर, खांबावर. पत्र्याला गंज, काचेत मेलेले किडे.

मला कुणी घडवलं, कधी बसवलं... ते राहू द्या. किशनरावांचं सांगतो.

किशनराव पेंटर. दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचे, घरी यायला रात्र व्हायची. त्यांची बायको केशरबाई माझ्या उजेडात ओट्यावर एकटीच वाट बघत बसे. तिची सावली पार रस्त्यापर्यंत जाई. अशी तीस वर्षं.

मग ती अंथरुणाला खिळली. ओटा रिकामा.

एकदा उघड्या दारातून ऐकू आलं, "मला त्या भिंतीवर काढा. निळ्या लुगड्यात. जायच्या आधी बघू द्या."

किशनरावांनी उरलेले रंग करवंट्यांत आणले. रोज रात्री माझ्याखाली रंगवू लागले. ओसाड गल्ली. एकटी बाई. लांब सावली. पहाटे चित्रावर बारदान टांगून कामाला जात.

"किशनराव, सावली लय जिवंत हाय!" जाणारे म्हणत. मी फुगत असे. उजेड माझा होता ना!

"झालं का ओ?" केशरबाई आतून विचारी.

"पुरं झाल्यावरच दाखवतो. दम धर."

"दमच कुठं ऱ्हायलाय?"

नवव्या सकाळी त्यांनी तिला खुर्चीवर बसवून आणलं. बारदान काढलं.

लुगडं हिरवं होतं.

मित्रांनो, माझ्या उजेडात निळा आणि हिरवा, दोन्ही काळेच दिसतात. करवंटी चुकली होती.

"सवाष्ण मेली की हिरवं नेसवतेत," केशरबाई म्हणाली. "लय घाई झाली का तुमाला?" ती हसली. हसता हसता धाप लागली.

"आजच निळं करतो, केशर."

"आता घरी न्या मला."

दुपारी ती गेली. बायकांनी तिला हिरवं नेसवलं.

त्याच रात्री किशनराव निळा रंग घेऊन आले. ब्रश फिरवत राहिले. काळ्यावर काळं. काहीच बदललेलं दिसेना. संपलं तरी उठले नाहीत.

पहाटे मी विझलो. उजाडलं. लुगडं निळं होतं.

"झालं बघ," ते दाराकडे तोंड करून म्हणाले.

मित्रांनो, कुणासाठी काही करत असाल, तर ते झाकून ठेवू नका. अर्धं असतानाच दिवसाउजेडी दाखवा. केशरबाईनं पहिल्याच सकाळी चूक सांगितली असती.