तिने दिलेला सूर

"काका, तारा पार उतरल्यात," म्हणत रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडून बाहेर आला आणि त्याने गिटारच्या डोक्याला सूर तपासायचं इवलंसं यंत्र लावलं.

"उतरल्या कुठे? रोजच्यासारख्याच आहेत," म्हातारा म्हणाला.

यंत्राचा काटा डावीकडेच पडून राहिला. रेकॉर्डिंगवाल्याने एकेक खुंटी पिळून तारा वर चढवल्या.

म्हाताऱ्याने वाजवायला घेतलं. अंगठ्याने ठेका, बोटांनी गाणं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी छापखान्यात पुस्तकं बांधताना रेडिओवर एक तुकडा ऐकला आणि तो हातात बसेपर्यंत त्याने घरच्यांचं डोकं उठवलं. तो तुकडा दोघे जण मिळून वाजवत होते, हे फार उशिरा कळलं. तोवर हा एकटाच दोघांचं वाजवायला लागला होता.

"बरं झालं कुणी सांगितलं नाही," बायको म्हणायची. "दुसरा माणूस घरात आणून बसवला असता तुम्ही, आणि त्याचाही चहा माझ्याच गळ्यात."

गाणी तो रचायचा, म्हणायची ती. गेल्या हिवाळ्यात ती गेली. निदान एक तरी गाणं मागे राहावं, म्हणून मुलीने हा घाट घातला होता. म्हणणार तीच होती.

तिने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत गळा चिरकला.

"बाबा, हे फारच वर जातंय. आई एवढ्या वर म्हणायची?"

"छे! तिचा गळा मला माहीत नाही? यंत्रच बिघडलंय त्याचं."

मुलीने मोबाइल काढला. तिच्या लहानपणीची एक कॅसेट त्यात उतरवून घेतलेली होती. आईचा आवाज खोलीत आला, खणखणीत, तरुण. रेकॉर्डिंगवाल्याने हात लांबवून गिटारची जाड तार छेडली. तंतोतंत जुळली.

म्हातारा बघतच राहिला.

सूर लावायला त्याच्याकडे कधी काही नव्हतंच. संध्याकाळी स्वयंपाकघरातून ती "घ्या" म्हणायची आणि एक सूर धरायची. त्यावर तो जाड तार लावायचा आणि तिच्यावरून बाकीच्या. आजारपणात तिने अंथरुणातून सूर दिला.

"आवाज अजून तस्साच आहे हं माझा," ती तोऱ्यात म्हणायची. "विश्वास नसेल तर गिटारला विचारा."

"अगदी तस्साच," तो म्हणायचा. खोटं बोलत नव्हता. त्यालाही कळलं नव्हतं.

त्याला हसू आलं. मग बराच वेळ तो बाहीने गिटारवरची नसलेली धूळ पुसत बसला.

"दोघं मिळूनच उतरत आलो की गं," तो म्हणाला.



"मग काका, कुठल्या सुरात घ्यायचं?" रेकॉर्डिंगवाल्याने हलकेच विचारलं. "या सुरात, की तुम्ही घेऊन आलात त्या?"

म्हाताऱ्याने यंत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि मुलीकडे बघितलं.

"दे."

"काय देऊ?"

"तुला सोसेल तो सूर."

तिने घसा साफ केला. अडखळत एक सूर धरला. आईच्या तरुणपणच्या सुराहून खाली, शेवटच्या दिवसांतल्याहून वर. म्हातारा खुंटी सैल करू लागला. तार तिच्या सुराला येऊन मिळाली, तरी त्याने मान वर केली नाही. तिनेही सूर सोडला नाही.