कंडक्टरकाका हसतात कसे?

कंडक्टरीणबाईंना, म्हणजे कंडक्टरकाकांच्या बायकोला, गप्प बसवणं म्हणजे उताराला लागलेली बस हाताने अडवणं. पण मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरीण मॅडमनी ते करून दाखवलं.

"काकू, तुम्ही शेवटच्या बाकावर. आमच्या वर्गात नियम एकच. ज्याला आजार झाला तोच बोलणार. कितीही वेळ लागू दे, त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही."

"अहो, पण यांना बोलायला किती त्रास..."

"बघा, लगेच त्यांच्या वतीने सुरू!"

बाई फणकाऱ्याने मागे जाऊन बसल्या. बाक एवढा अरुंद की गुडघे पुढच्या पोराच्या पाठीला लागत होते. सगळा वर्ग उद्याच्या डॉक्टरांचा. काहींच्या पांढऱ्या कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि त्यांना आपला आजार सांगायला पुढे खुर्चीवर एकटे कंडक्टरकाका, गळ्यावर रुमाल.

काकांना घशाचा कॅन्सर झाला होता. दोन वर्षांपूर्वी अख्खं स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. बोलायचं तर भोकावर अंगठा दाबायचा, मग आतल्या छोट्याशा झडपेतून वारा वर चढतो आणि आवाज निघतो, पत्र्याची ट्रंक फरशीवरून ओढल्यासारखा. ज्या माणसाने जन्मभर "पुढे सरका, पुढे रिकामं आहे" म्हणत बस हलवली, तो आता घराबाहेर तोंडच उघडत नव्हता. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांत, सगळीकडे बाईच बोलायच्या.

आवाज गेला याचं बाईंनी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. जीव वाचला, बास. पण हसू गेलं ते मात्र सलायचं. आधी कसं, बाई ओट्याशी उभ्या राहून, पाठमोऱ्याच, एखादा टोमणा फेकायच्या आणि बाहेरच्या खोलीत खदाखदा हसणं फुटायचं. मान वळवून बघायची कधी गरजच पडली नाही. ऑपरेशननंतरही त्यांनी चार-पाच टोमणे फेकून पाहिले. कोरड्या विहिरीत दगड टाकावा, तसं. मग त्यांनी सोडूनच दिलं. नवरा घरी आला, पण हसणारा माणूस तिकडेच राहिला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणाला सांगितलं नाही.

"काका, शिंक कुठून येते?" पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं.

काकांनी अंगठा लावला. वर्ग थांबला. बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, त्यांनी ते गिळलं.

"गळ्यातून. तू... समोर बसू नकोस."

पोरं खो खो हसली. पोराने खरंच बाक मागे ओढला.

"आणि गरम चहावर फुंकर?"

"मारता येत नाही. निवेपर्यंत... बायकोची बोलणी खातो."

"मी कधी हो..." बाई अर्ध्या उठल्या. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. बाई बसल्या. चहा तसाच ठेवतात म्हणून रोज सकाळी त्या यांच्यावर खेकसत होत्या. फुंकर मारता येत नाही, हे कुणी सांगितलं होतं?

मग खिशावर शाईचा डाग पडलेली एक मुलगी उठली. "काका, तुम्ही हसता कसे?"

बाईंच्या मनात आलं, अगं बाई, नेमकं हेच विचारायचं होतं तुला?

"हसतो की. रोज." काकांनी अंगठा काढून श्वास घेतला, परत लावला. "पण हसताना अंगठ्याचं... भान कुणाला असतं? वारा इथूनच जातो. आवाज नाही होत."

"मग घरच्यांना कळतं कसं?"

काकांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "कळत नसेल."

बाईंनी हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा, सरळ.

"काकू, नियम..."

"बोलत नाहीये, विचारतेय. इथे विचारायलाच बसतात ना?" आणि मॅडमची वाट न बघता त्यांनी विचारलं, "कशावर हसता हो रोज?"

"तुझ्यावर. ओट्याजवळून टोमणे टाकायचीस... त्यावर. ते तू बंद केलंस. आता दूधवाल्याशी भांडतेस... त्यावर भागवतो." एक श्वास. "बंद का केलंस?"

"ऐकू येत नव्हतं म्हणून," बाई म्हणाल्या. एवढंच.

वर्ग सुटला. बाई नेहमीसारख्या पुढे, काका चार पावलं मागे. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास.

"आज एवढं बोललात," बाई मागे न बघता म्हणाल्या, "की थांबवायला मला डबल बेल मारावी लागली असती."

"डबल बेलने बस सुटते" असंसुद्धा मागून आलं नाही. नुसते बूट वाजत होते, मग तेही थांबले. बाई सवयीने आणखी दोन पावलं गेल्या. आणि गर्रकन वळल्या.

काका भिंतीला टेकले होते. खांदे गदागदा हलत होते, गळ्यावरचा रुमाल फडफडत होता, डोळ्यांतून पाणी. आवाज मात्र काडीचा नाही.

मागून वर्गातली पोरं आली आणि घाबरून थबकली. शाईच्या डागाची मुलगी तर धावायच्या बेतात होती.

"अगं, काही झालेलं नाही, हसतायत ते," बाई नजर न हलवता म्हणाल्या. "चला, पुढे सरका, पुढे रिकामं आहे. मला बघू दे."