दुसऱ्या बसमधली जागा

“काका, तुमची लाइन आजही थांबणार का?” पर्स खांद्याला लावत रेवतीने सहज विचारलं आणि उल्हासच्या अंगाचा तिळपापड झाला.

दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या त्या कारखान्यात गाड्यांचे आरसे जोडले जात. एका लाइनचा इन्चार्ज उल्हास, केस तिथेच पिकलेले. शेजारची लाइन पुण्याहून आलेल्या रेवतीची. तिची माणसं शिफ्ट संपताच पहिल्या बसने निघत. उल्हासची उशिरापर्यंत खपत आणि दुसऱ्या बसने जात. त्या बसमध्ये खिडकीजवळच्या सीटवर त्याच्यासाठी रुमाल टाकलेला असे. शेवटच्या थांब्यापर्यंत, दिल्लीतल्या द्वारकेपर्यंत, तो तिथे ऐटीत बसे.

पण हल्ली मोठे साहेब रेवतीच्याच लाइनपाशी रेंगाळत. उल्हासच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं. पोरगी करते तरी काय, म्हणून त्याने पाळत ठेवली. जादूबिदू काही नव्हती. माणसांना स्क्रू आणायला उठावं लागू नये म्हणून ती स्वतःच ट्रॉली ढकलत फिरायची.

“इन्चार्ज म्हणे! निव्वळ हमाली आहे ही,” तो पुटपुटला. त्याला बरंही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या लाइनवरची रिंकू समोर येऊन उभी राहिली. “सर, मेरे पहुँचने तक बेटी सो जाती है. मुझे रेवती मॅडम की लाइन में भेज दो ना.”

रिंकूला कामाला त्याने लावलं होतं, शिकवलंही त्यानेच. साहेब गेले तर गेले, आता माणसंही तिचीच होणार? त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

“दो दिन रुक जा,” तो म्हणाला.

सकाळी दात-ओठ खात त्याने ट्रॉली धरली. संध्याकाळी पाठ मोडून आली होती, पण काम वेळेत संपलं. रिंकू बसकडे पळत सुटली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पहिल्या बसमध्ये उल्हास सगळ्यांच्या मागून चढला. रुमाल कुठेच नव्हता. खिडकीशी बसलेली रेवती लगेच उठली.

“बसा ना काका, दमला असाल.”

“नको, मला जवळच उतरायचंय.”

गुडगावला रेवती उतरली, रिंकू त्याआधीच गेली होती. बस रिकामी होत गेली. द्वारका येईपर्यंत उल्हास दांडा धरून तसाच उभा राहिला.