धुळ्याकडची नोंद

तोतारामच्या ओट्यावर बसून शालिग्राम गुरुजींनी त्याच्या आईच्या जनगणनेच्या चिठ्ठीवर फुटपट्टी ठेवली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. तोताराम समोर उकिडवा बसून ती रेघ पाहत होता. म्हातारी जाऊन तीनच दिवस झाले होते.

"गुरुजी, मायले राहू द्या ना मोजामा," तो म्हणाला. "तीन दिनना तर फरक शे."

गुरुजींनी त्याला पुन्हा समजावून सांगितलं. मोजणी फेब्रुवारीच्या नऊ तारखेपासून अठ्ठावीसपर्यंत झाली असली, तरी हिशेब आजचा, एक मार्चच्या सूर्योदयाचा. आजचा सूर्य ज्याने पाहिला तो मोजायचा. मध्ये कुणी वारलं असेल तर काढायचं, कुणी जन्मलं असेल तर घालायचं. त्यासाठीच पाच तारखेपर्यंत ही दुसरी फेरी. नियम देशभर एकच, त्यांच्या हातात काही नाही.

"मायनं नाव खोडाले तुमना हात कसा उठस?" तोताराम म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

तोतारामला आईचं दुःख होतंच, पण गावाच्या नंबराचीही काळजी होती आणि ती गुरुजींनीच गावाला लावून दिलेली होती. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीनंतर त्यांनी शाळेच्या भिंतीवर दोन याद्या रंगवल्या होत्या. एक देशातल्या मोठ्या शहरांची: पहिलं कलकत्ता, दुसरं मुंबई, तिसरं दिल्ली, चौथं मद्रास, अशी दहापर्यंत. दुसरी अमळनेर तालुक्यातल्या मोठ्या गावांची. तिच्यात त्यांचं गाव नांदरखेडे आठवं होतं आणि खडकोदे नववं, फक्त अकरा माणसांनी मागे. शहरांच्या यादीकडे पोरांशिवाय कुणी बघायचं नाही. गावांची यादी मात्र सगळ्या गावाला पाठ होती. यंदा मोजणी लागल्यावर पारावर दुसरा विषय नव्हता. शेजारची तानुबाई तर सांगत फिरत होती की सुनेला बाळंतपणाला माहेरी धाडली नाही ती याच्यासाठीच, नाहीतर नातू खडकोद्याच्या खात्यात गेला असता.

गुरुजी चिठ्ठी परत गठ्ठ्यात लावत होते तेवढ्यात भिकन गल्लीतून आला. सोसायटीचा शिपाई. तो सायकल हातात धरून चालत येत होता, हे गुरुजींनी पाहिलं. भिकन कधी सायकलवरून उतरून चालत नसे.

"गुरुजी, सोसायटीमा फोन ऊना व्हता. धुळाथून."

भिकनने सायकल भिंतीला लावली.

"काल दुपारले चार वाजता अक्का गयात. रातभर लाइन बंद व्हती, म्हणीसन आत्ते समजनं."

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला दोरी बांधली, गाठ सुटली, पुन्हा बांधली. पिशवी तोतारामच्या हातात दिली आणि कोरड्या जागी ठेव, असं सांगितलं. मग चपला घालायला ओट्यावरून उतरले आणि एकच चप्पल घालून बरेच पुढे गेले. दुसरी तोतारामने नेऊन दिली.

गुरुजींची बायको झुंबरबाई, गावाच्या अक्का, सहा फेब्रुवारीपासून धुळ्याला बहिणीकडे होत्या. छातीत पाणी झालं होतं. धुळ्याला डॉक्टर चांगले आणि बहिणीचं, ताईबाईचं, घर दवाखान्यापासून जवळ. दहाबारा दिवसांत येते म्हणाल्या होत्या. मधल्या एका रविवारी गुरुजी जाऊन बघून आले, तेव्हा उन्हात खाटेवर बसून त्या गहू निवडत होत्या. मग मोजणीने उसंत दिली नाही. पुढचा रविवारही कागदातच गेला.

गुरुजी एसटीने पोहोचेपर्यंत दुपार झाली. मुलगा रुपचंद वरणगावहून, कारखान्यातून रजा टाकून, त्यांच्याआधी आला होता. त्याच दिवशी धुळ्यात सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी राख सावडून ती गावी आणली. ताईबाई आणि तिचा नवरा घराला कुलूप लावून बरोबर आले, तेरावं होईपर्यंत राहणार होते.

तीन तारखेला सकाळी गुरुजींनी तोतारामकडून पिशवी मागवून घेतली. रुपचंद म्हणाला, नाना, राहू द्या, दुसरं कुणी करेल. शाळेतले दुसरे मास्तर तर स्वतःहून विचारायला आले होते. गुरुजी म्हणाले, घरं माझ्या पायाखालची आहेत, सही माझी आहे. दुसऱ्याला चार दिवस लागतील, मला दोन पुरतील.

सुतकातल्या माणसाने कुणाच्या घरात पाऊल टाकू नये. त्यामुळे गुरुजी गल्लीतच उभे राहायचे, दारासमोर, चार हात लांब. डोक्याला टोपी नाही, पायात चपला नाहीत. घरातलं माणूस उंबऱ्यात यायचं आणि गुरुजी गल्लीतून विचारायचे, घरात काही जन्म? नवीन कुणी राहायला आलं? आणि मग तिसरा प्रश्न, तोही विचारावाच लागायचा.

"कुणी वारलं का?"

एरवी लोकांनी याच्यावर काहीतरी चावट उत्तर दिलं असतं. एकाने पहिल्या फेरीतच सासूचं नाव आगाऊ खोडून ठेवायला सांगितलं होतं. आता माणसं खाली बघून मान हलवत. "आमनाकडे बठ्ठं ठीक शे, गुरुजी," असं म्हणताना त्यांचा आवाज चोरी केल्यासारखा व्हायचा. काही बायका प्रश्न यायच्या आधीच नाही म्हणून मोकळ्या होत. तानुबाईच्या सुनेला दोन तारखेला पहाटे मुलगा झाला होता. सूर्योदयाला एक दिवस उशीर. तो मोजता येणार नाही, असं गुरुजींनी गल्लीतून सांगितलं, तेव्हा तानुबाईने नुसती मान डोलावली. एरवी ती भांडली असती.

पाच तारखेला दुपारी एकच घर राहिलं. ते त्यांचं स्वतःचं.

चार वाजता नासीर सर गठ्ठे गोळा करायला आले. ते अमळनेरच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि या भागातल्या सहा मोजणीदारांवर देखरेखीला होते. प्रशिक्षणात दोघांची ओळख झाली ती याद्यांवरूनच. मुंबई यंदा कलकत्त्याला मागे टाकणार, यावर दोघांचं एकमत होतं. धुळं आणि जळगाव यांत पुढे कोण, यावर मात्र नासीर सर गुरुजींना सासुरवाडीचा माणूस म्हणून चिडवायचे. आज ते येऊन ओट्याच्या कडेवर बसले. सुतकाच्या घरात चूल पेटत नव्हती. चहा तानुबाईकडून आला.

सरांनी गठ्ठा चाळला. प्रत्येक बदलापुढे सही होती. शेवटी गुरुजींच्या घराच्या दोन चिठ्ठ्या आल्या. वरची शालिग्रामची, खालची झुंबरबाईची. खालचीवर रेघ नव्हती.

"गुरुजी," सर हळू आवाजात म्हणाले, "अठ्ठावीसचा मृत्यू. काढावी लागेल. तुम्ही म्हणत असाल तर मी ओढतो रेघ."

"तुमच्या हस्ताक्षरात कशाला."

"मग?"

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ती इथे लिहायलाच नको होती सर. सहा तारखेला गेली, मोजणी नऊला लागली. सबंध वीस दिवस ती या घरात नव्हती. असं माणूस जिथे असेल तिथे मोजायचं. हा नियम मीच दुसऱ्यांना समजावून सांगितला. पण नऊ तारखेला पहिलं घर माझंच घेतलं, आणि घरात दोनच माणसं. एकाचीच चिठ्ठी लिहून उठायला नको वाटलं. म्हटलं, येईलच अठरा-वीसपर्यंत. आली असती, तर लिहिलेलं बरोबरच ठरलं असतं."

नासीर सरांनी ती चिठ्ठी गुरुजींच्या हातात दिली. मग त्यांच्यातला पर्यवेक्षक जागा झाला.

"म्हणजे धुळ्याला लिहिली असेल त्यांना?"

दाराआड ताईबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"लिखेल शे ना," ती आतूनच म्हणाली. मग सूप घेऊन दारात आली. गल्लीत मोजणारा मास्तर आला तो वीस तारखेला, दुपारी. घरात ताईबाई एकटी. तिला काही सांगता येईना, म्हणून झुंबरबाईच उठून बसल्या आणि म्हणाल्या, सरक तू, हे माले माहीत शे, आमना घरमा हाईच चालस. आधी ताईबाईच्या घरचं सगळं सांगितलं आणि मग स्वतःचं.

"काय सांगितलं?" गुरुजींनी विचारलं.

ताईबाईला वाटलं, काही चुकलं की काय. ती आठवून आठवून सांगू लागली. नाव, वय, गाव. बोली कोणती विचारली तर अहिराणी. मास्तर म्हणाला, मराठी लिहू का, तर म्हणाल्या, मी बोलते ते लिहा. काम काय करता, तर शेतात जाते, पाऊस लागल्यापासून कापूस निघेपर्यंत. मास्तर म्हणाला, म्हणजे घरकामच. तर म्हणाल्या, घरकाम येगळं.

गुरुजींच्या हातात नऊ तारखेची चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरातली. मातृभाषा, मराठी. काम, नाही. त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं, पण विचारलं काहीच नाही. ताईबाई आपणच तिथवर आली.

"मंग त्यानं इचारं, लेकरं कितला. तर म्हणे, दोन व्हयनात, एक शे."

सुपातले दोन दाणे ओट्यावर सांडले, ते ताईबाईने वेचून घेतले.

रुपचंदच्या आधी एक मुलगी झाली होती. चार दिवस जगली. तिचं नाव ठेवलं गेलं नव्हतं, म्हणून ते कुठे लिहिलंही नव्हतं. तिच्याविषयी घरात बोलणं होऊन सव्वीस वर्षं झाली असतील. आजवर किती मुलं झाली आणि आज किती हयात आहेत, असे दोन वेगळे रकाने होते, आणि गुरुजींनी नव्वद घरांत प्रत्येक बाईला ते दोन्ही प्रश्न सावकाश, वेगवेगळे विचारले होते. सांगायला संकोच वाटतो, म्हणून बाकीच्या माणसांना बाजूला व्हायला सांगून विचारले होते. आपल्या घरी त्यांनी दोन्ही रकान्यांत एक लिहिलं होतं. विचारायला समोर कुणी नव्हतं. आणि समोर असती तरी विचारलं नसतं.

नासीर सरांनी घड्याळ पाहिलं. "गुरुजी, आज पाच तारीख. धुळ्याच्या मोजणीदाराला घराला कुलूप दिसलं असणार, त्याला कळलेलं नाही. तिथे त्या अजून हयातच आहेत. मी अमळनेरला पोहोचलो की कचेरीतून फोन करू शकतो. गल्ली सांगा, उद्याच्या आत निघेल नाव."

ताईबाई एकदा सरांकडे, एकदा मेहुण्यांकडे बघू लागली. नाव निघेल म्हणजे काय, हे तिला कळलं होतं.

"फोन नको," गुरुजी म्हणाले. "मी पत्र लिहीन. चूक माझ्या बाजूची आहे, मीच कळवतो."

"पत्राला चार दिवस लागतील. मोजणी बंद होईल तोवर."

"रीतसर लिहीन."

त्यांनी फुटपट्टी घेतली. झुंबरबाईंच्या चिठ्ठीवर ठेवली, रेघ ओढली, सही केली. सर कारणाच्या जागी लिहायला पेन उघडत होते, तेव्हा गुरुजींनी हात आडवा धरला.

"मृत्यू म्हणून नको. चुकीची नोंद म्हणून काढा."

"आकडा तोच येतो गुरुजी."

"आकडा तोच येऊ द्या."

सरांनी तसं लिहिलं. घराच्या यादीत दोनाचा एक केला. गठ्ठा पिशवीत घातला, ताईबाईला सलाम केला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. धुळ्याच्या कचेरीचा पत्ता एका कागदावर लिहून त्यांनी तो गुरुजींच्या हातात दिला. मग एसटीच्या थांब्याकडे गेले.

जूनमध्ये शाळा उघडली, तोवर शहरांचे कच्चे आकडे वर्तमानपत्रात येऊन गेले होते. गुरुजींनी चुन्याचा हात मारून शाळेची भिंत कोरी केली आणि शहरांची यादी नव्याने रंगवली. पहिली मुंबई, दुसरं कलकत्ता. खाली पोरांच्या माहितीसाठी आपल्याकडची दोन शहरं लिहिली: आधी धुळं, मग जळगाव. गावांच्या यादीची जागा रिकामी सोडली. ते आकडे छापून यायला काही वर्षं जातात. तोताराम दर बाजाराच्या दिवशी विचारतो, खडकोदे पुढे गेलं का, आणि गुरुजी दर वेळी सांगतात, अजून आलं नाही.

पत्त्याचा कागद टेबलाच्या खणात आहे. दोन आंतरदेशीय पत्रंही आणून ठेवली आहेत. धुळ्याला कळवायचं अजून राहिलं आहे.