दोन भावांचं रक्त

रक्ताच्या नळ्यांमध्ये घोळ झाला असणार, असं आमच्या प्रमुख अंजना मॅडम म्हणाल्या आणि माझं डोकंच सटकलं. मिरजेच्या आमच्या प्रयोगशाळेत नळीवर नाव चिकटवताना मी कुणाशी बोलतसुद्धा नाही.

ओमायक्रॉन नुकताच आला होता. जुन्या विषाणूसाठी केलेली लस या नव्या अवताराला कितपत अडवते, ते बघायला मी इस्लामपूरजवळच्या एका गावातून दोन डोस घेतलेल्या साठ जणांचं रक्त आणलं होतं. बहुतेकांच्या रक्तानं जुन्या विषाणूला लोळवलं, नव्यापुढं मात्र ते ढेपाळलं. पण धुळा खोतांच्या रक्तात झुंजायला काहीच नव्हतं आणि त्यांचे थोरले भाऊ गुंडा यांच्या रक्तानं नव्यालाही चारी मुंड्या चीत केलं!

"उद्यापर्यंत कारण सांग जीनत, नाहीतर साठही नमुने बाद," मॅडम म्हणाल्या. माझी दोन महिन्यांची मेहनत! सकाळची पहिली एसटी पकडली.

गुंडाकाका गोठ्यात वैरण टाकत होते.

"काका, लस किती वेळा घेतली?"

"दोनदा की."

"खरं सांगा. माझं सगळं काम पाण्यात चाललंय."

त्यांनी घराकडं बघितलं, आवाज बारीक केला. "चारदा. दोन माझ्या, दोन धुळाच्या."

धुळाकाका फौजेतले रिटायर हवालदार. लसीच्या रांगेत गावाला शिस्त लावत हेच उभे होते, आणि सुईला टरकतात! फौजी घाबरला हे गावात कळायला नको, म्हणून थोरला त्यांचं आधार कार्ड घेऊन इस्लामपूरला गेला. त्या फोटोत माणूस स्वतःला ओळखत नाही, तिथं भाऊ कोण ओळखणार? शाळेच्या व्हरांड्यात, साऱ्या गावासमोर मी रक्त घेतलं तेव्हा धुळाकाकांनी डोळे मिटून माझं मनगट आवळलं होतं. मला वाटलं, फौजी पकड.

मला तर गोठ्यातच नाचावंसं वाटलं. चार डोस! पाहुणा चारदा येऊन गेला की मिशी काढून आला तरी ओळखू येतो, तसं त्या रक्तानं नव्याला ओळखलं होतं. नळ्या बरोबर होत्या आणि हाती लागलं होतं ते भलतंच भारी होतं!

"काका, हे लिहून द्या. दोघांच्या सह्या लागतील."

"माझ्यावर घाल सगळं. त्येचं नाव नगं. गावात मान खाली जाईल त्येची."

"लिव, पोरी." दारात धुळाकाका उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "हवालदार धुळा खोत. लस घेतली न्हाई."

"आरं, कशाला..."

"गप रं दादा. माज्या वाटणीचा ताप बी तूच काढलास." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गोळी येताना दिसत न्हाई, पोरी. सुई दिसती."

त्यांनी आधी सही केली, मग पेन दादाच्या हातात दिलं. मॅडमना फोन केला तर त्या आनंदानं इतक्या जोरात ओरडल्या, की म्हैससुद्धा दचकली.

तिथून आम्ही तिघं आरोग्य केंद्रात गेलो. नर्सबाईंना सगळं खरं सांगितलं, तो कागद दाखवला. थोड्या वेळानं आतून हाक आली, "धुळा खोत!"

सवयीनं गुंडाकाका उठले.

धुळाकाकांनी त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः आत गेले.