एकनाथरावांची श्रेणी

"मॅडम, शेवटचा खाना रिकामा नक्को सोडू. मग हे पुढे जातच नाही."

मालतीबाई चौसाळकरांची बोटे कळफलकावर थबकली होती. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकनाथराव बिरादार हे नाव होते. त्यापुढे खाते, ग्राइंडिंग. त्यापुढे यंत्राचा क्रमांक. आणि सर्वांत शेवटी एक लुकलुकणारी रिकामी चौकट. तिथे ए, बी किंवा सी यांपैकी एक अक्षर भरायचे होते. माणसाला एका अक्षरात बसवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. तिला पूर्वी जात म्हणत, पुढे परीक्षेतला वर्ग म्हणू लागले, आणि तेलुगू मुलखातल्या कुकटपल्लीच्या या कारखान्यात तिचे नाव स्किल ग्रेड असे होते.

"नंतर भरलं तर?" मालतीबाईंनी विचारले.

"नंतर कायकू? तुम्ही तर सगळ्यांना ओळखता." सॉफ्टवेअर बसवायला आलेला युवराज खुर्ची सरकवत जवळ आला. मुलगा मराठी घरातला, दिलसुखनगरचा. मराठी बोलताना तो प्रत्येक वाक्यात तीन भाषांच्या वेशी ओलांडत असे. "यादगिरी ए. मोईन ए. हे कोण, मिशीवाले मामा ना? टाका की काही पण."

"काही पण कसं टाकू?"

"परेशान नक्को होऊ मॅडम. सॉफ्टवेअरला काय कळतंय? आपण बोलू ते खरं मानतंय बिचारं."

मालतीबाईंना सॉफ्टवेअरबद्दल राग नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. उलट नियोजन खात्यात इतकी वर्षे काढल्यावर त्यांना ते देवाने पाठवल्यासारखे वाटत होते. कारखाना ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपांचे भाग बनवी. कोणते काम आज कोणत्या यंत्रावर लागायचे, हे भिंतीवरच्या लाकडी खणांत कार्डे खोचून त्या रोज सकाळी ठरवत. पण कार्ड खोचले म्हणून कच्चा माल येत नसे. पंप जोडायला घ्यावा आणि बेअरिंगच नाही असे कळावे. मग बेअरिंग येईपर्यंत निम्मे जोडलेले पंप धूळ खात बसावेत, आणि कोपऱ्यात मात्र कोणी मागितले नव्हते त्या ओतकामाचे ढीग गंजत पडावेत, हा नित्याचा संसार होता. देशाची दारे उघडली तशी नवी गिऱ्हाइके आली. त्यांना माल कधी मिळेल याचे उत्तर तारखेत हवे असे. 'बघू' हे उत्तर त्यांना समजत नसे. मालकांनी संगणक घेतले. आता गुदामात काय आहे, काय संपत आले, कोणत्या मागणीला काय लागेल आणि ते कोणत्या यंत्रावर कधी चढेल, हे पडदा सांगणार होता. मालतीबाई ते सगळे हौसेने शिकल्या. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आई रोज विचारी, "आज तुझ्या त्या पेटीनं काय सांगितलं?" आणि त्या खरोखरच सांगत बसत.

मात्र याच महिन्यात कचेरीच्या फळ्यावर स्वेच्छानिवृत्तीची सूचना लागली होती. इच्छा कोणाची, हे विचारण्याची पद्धत नव्हती. व्यवस्थापकांनी मालतीबाईंना एवढेच सांगितले होते की ज्यांच्यापुढे सी येईल, त्यांच्याशी आधी बोलू. बोलू, हेही त्या काळातले एक घरंदाज क्रियापद होते.

एकनाथरावांपुढे सी यायला हवा होता. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या डोळ्यांचे पडदे पोखरले होते. त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते. एका दुपारी ते ड्रॉइंग घेऊन मालतीबाईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाई, ह्याची शाई लई फिक्की हाय, वाचा बरं जरा." शाई फिकी नव्हती. मालतीबाईंनी आकडे वाचून दाखवले, आणि दुसऱ्या सकाळपासून एकनाथरावांच्या खणात भरड घासाईची कार्डे जाऊ लागली, ज्यात केसाएवढे इकडेतिकडे झाले तरी पुढच्या यंत्रावर निभावून जाते. बारीक कामे यादगिरीकडे आणि मोईनकडे गेली. यावर दोघांत कधी एक शब्दही झाला नाही. झाले ते टोमणे.

"कामून बाई, आमचा हात काय लकवा मारलेला हाय का?" एकनाथराव सकाळच्या चहाला भर लोकांत विचारत. "बारीक काम इकडच्या पोरांला, अन् आपल्या मानसाला गवंडीकाम. उदगीरकडचा मानूस म्हनून उलटी माया दिसती तुमची."

"असू द्या हो, तब्येतीला बरं," मालतीबाई म्हणत.

"तब्येतीला तर घरी बसनं बी बरं!"

लोक हसत. मालतीबाईही हसत. आपल्यावर अन्याय होतो आहे ही त्या माणसाची समजूत त्यांनी वर्षानुवर्षे पोटाशी धरून जपली होती. कारण ती गेली असती तर तिच्या जागी जे आले असते, ते त्यांना त्याच्या चेहऱ्यावर बघायचे नव्हते.

"मॅडम?" युवराज म्हणाला.

मालतीबाईंनी ए दाबले.

पुढच्या सोमवारी कामाची वाटणी पहिल्यांदा पडद्यावरून झाली. छापील कागद शेडमध्ये लागला आणि यादगिरीने तो मोठ्याने वाचून दाखवला. एकनाथराव बिरादार, नवा ग्राइंडर, वाल्व्हचे स्पूल. स्पूल म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी. ती आपल्या भोकात अशी सरकली पाहिजे की तेल निसटू नये आणि दांडीही अडू नये. कारखान्यात याहून नाजूक काम नव्हते.

मालतीबाईंना हे कळले तेव्हा त्या कचेरीत होत्या. खोटे बोलायला समोर समजूतदार माणूस लागतो. जुन्या फोरमनला त्यांनी 'एकनाथराव पहिल्या प्रतीचे कारागीर' असे सांगितले असते, तर तो मान डोलावून म्हणाला असता, बरोबर, आणि त्यांच्या खणातली भरड कामाची कार्डे तशीच राहू दिली असती. यंत्राला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने बाईंचा शब्द शब्दशः खरा धरला.

"हे बदलता येईल का?" त्यांनी युवराजला विचारले.

"एकदम ईझी. ग्रेड बदला, प्लॅन आपोआप बदलतंय. पण मग मॅनेजर साहेबांकडे पण जातंय ना ते. कायकू, प्रॉब्लेम आहे?"

"नाही," मालतीबाई म्हणाल्या आणि शेडकडे निघाल्या.

एकनाथराव यंत्रापाशी होते. त्यांनी कोरे फडके मागून घेतले होते, मिशीवरून हात फिरवला होता. मालतीबाईंना पाहताच ते गरजले, "या बाई, या! बगा, कंप्युटरला कळलं. तुमाला नाय कळलं ते त्या डब्याला कळलं!"

"अभिनंदन, एकनाथराव."

"तोंड कामून उतरलं मंग? रागावला का?"

"छे हो."

पहिली दांडी घासून झाली. एकनाथरावांनी ती पुसली, मायक्रोमीटरच्या मापचिमट्यात धरली आणि दिव्याकडे नेली. मग दिव्यापासून थोडी लांब नेली. मग मान तिरकी केली. मायक्रोमीटरच्या नळीवरच्या मापाच्या रेघा चांगल्या डोळ्यांनाही मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसतात. पलीकडच्या यंत्रावरचा मोईन खाली पाहून काम करत होता, जरा जास्तच खाली पाहून.

"नव्या पद्धतीत माप मला लिहून घ्यायचं आहे," मालतीबाई म्हणाल्या. आयुष्यात इतक्या सफाईने त्या कधी बोलल्या नव्हत्या. "प्रत्येक नगाचं. तुम्ही धरा, मी वाचते."

एकनाथरावांनी दांडी खाली घेतली. "परतेक नगाचं?"

"हौ. संगणकाला लागतं."

"लागत असन तर वाचा बाबा."

त्या वाचू लागल्या. पॉलिटेक्निकात शिकलेली विद्या अजून जागी होती. अजून थोडे काढा, त्या म्हणत. एकनाथराव चाकाची मूठ जराशी फिरवत, ठिणग्या उडत, दांडी पुन्हा मापात येई. जुना हात होता. सांगितलेले तो ऐकत होता. दुपारपर्यंत तयार दांड्या तेलाच्या तबकात ओळीने निजल्या आणि एकनाथराव गुणगुणू लागले. आपण दिवसभर इथे उभ्या राहिलो तर उद्या कोण उभे राहील, हा प्रश्न मालतीबाईंनी मनात येऊ दिला नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर एक दांडी जास्त घासली गेली. माप वाचताच त्यांना कळले. पोलाद काढता येते, परत लावता येत नाही. त्यांनी वर पाहिले. एकनाथराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे जिथे तोंड असावे तिकडे.

"बरोबर आहे," मालतीबाई म्हणाल्या.

एकनाथरावांनी दांडी घेतली. शेजारच्या कट्ट्यावर नमुन्याचे भोक असलेला ठोकळा होता; नेमक्या मापाची दांडी त्यातून हळूच उतरे. त्यांनी दांडी त्या भोकाशी धरली आणि सोडली. ती आतून सटकन खाली गेली आणि कट्ट्यावर वाजली.

एकनाथरावांनी ती चाचपून उचलली, हाताने वाट काढत रद्द मालाच्या लाल पेटीपाशी गेले आणि आत टाकली. मग यंत्र बंद केले.

"खोटं वाचलं तुमी."

"एकनाथराव..."

"कंदीपास्नं म्हाईत हाय?"

मालतीबाई तेलाचे तबक सरळ करू लागल्या.

"त्या फिक्क्या शाईपास्नं?" ते स्वतःच म्हणाले. "तवाच भरड काम चालू झालं." त्यांनी फडक्याने हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. "अन् मी येड्यावानी रोज चहापाशी उभा ऱ्हाऊन तुमचीच इज्जत काढलो. चार लोकांत. तुमी ऐकून घेतलं."

"ऐकायला काय लागतं?"

"दया केली म्हना की."

"दया नाही हो ती." मालतीबाईंना पुढचा शब्द हवा होता. त्यांच्या घराण्यात वकील झाले होते, मास्तर झाले होते, मराठी आणि उर्दू दोन्हींचे जाणकार झाले होते; पण तो शब्द त्यांच्यापर्यंत कोणीच पोचवला नव्हता. "मला ते... मला बघवलं नसतं."

एकनाथरावांनी फडके यंत्रावर आपटले. मग ते उचलून त्याची घडी घातली.

"कंप्युटरात काय लिवलं माझ्याम्होरं?"

"ए."

"ए म्हंजी?"

"पहिल्या प्रतीचा."

मिशी हलली. हसू होते की दुसरे काही, सांगता येत नव्हते. "सगळ्यांला दिसतंय का ते?"

"सगळ्यांना."

"मालकाला बी?"

"मालकांनाही."

"बदला ते," एकनाथराव म्हणाले. "पोरगं कमावतंय माझं, उपाशी मरत नाय मी. अशा दांड्या पंपात गेल्या तर कुन्या शेतकऱ्याचं टॅक्टर रानात बंद पडंल, मला शिव्या देईल त्यो. साहेबांला मी सोता सांगतो, मला जायचं म्हनून." त्यांनी यंत्राची कळ चाचपली. "पन उद्या बदला. आज ऱ्हाऊ द्या. आजच्या दिस असू द्या ए."

फळ्यावरच्या त्या सूचनेतला स्वेच्छा हा शब्द कारखान्यात बहुधा तेवढा एकदाच खरा ठरला.

"अन् आता खरं वाचायचं," ते म्हणाले. "कमी तर कमी. समजलं का, बाई?"

"समजलं."

यंत्र पुन्हा सुरू झाले. मालतीबाई वाचत राहिल्या, जे होते ते. आणखी एक दांडी लाल पेटीत गेली. ती एकनाथरावांनीच मागून घेतली आणि टाकली. बाकीच्या तबकात निजल्या. भोंगा झाला तेव्हा त्यांनी यंत्र असे पुसले की नव्यापेक्षा नवे दिसावे. मोईनने येऊन त्यांचा डबा हातात दिला.

फाटकाबाहेर मुंबईकडे जाणारा हमरस्ता होता आणि उतरते ऊन डोळ्यांवर येत होते. एरवी एकनाथराव भिंतीच्या कडेने एकटे, तरातरा जात. आज ते थांबले.

"बाई, पिशवीचा बंद धरू का? रस्ता पार होईपत्तोर."

मालतीबाईंनी खांद्यावरची पिशवी त्या बाजूला घेतली. दोघे लॉऱ्या जाऊ देत पलीकडे आले. बस दिसत नव्हती. एकनाथरावांनी बंद सोडला नाही.

"त्या म्होरं मोठ्यामोठ्या पाट्या लावल्यात ना? रंग दिसतेत नुसते. काय लिवलंय?"

मालतीबाईंनी वर पाहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी सांगाड्यांवर नवा देश टांगलेला होता. "एक परदेशी टीव्ही आहे. हप्त्यावर, घरपोच."

"अन् पिवळी?"

"संगणकाचा क्लास. दिलसुखनगरला. नोकरीची हमी."

"हमी!" एकनाथराव मनापासून हसले. "लई चांगलं. त्याच्या पल्याडची?"

"ती अजून रंगवतायत. रंगारी झुल्यावर बसलाय. अर्धीच झालीय."

"मंग जेवढी हाय तेवढी वाचा."

मालतीबाई वाचू लागल्या, एकही अक्षर न गाळता.