निळ्या जाळाचं सोनं

गुड फ्रायडेची मिरवणूक चर्चपाशी संपली, तेव्हा समोरच्या टेकडीवर निळा जाळ दिसला. तिन्हीसांजेचा अंधूक उजेड, गवतात थरथरती ज्योत, आणि खाली अख्खं सान लासारो गाव आ वासून उभं. सोनं पुरलेल्या जागी गुड फ्रायडेला निळा जाळ दिसतो, अशी आमच्याकडची समजूत.

"पूर्वजांचं सोनं," ओफेल्मिना मावशींनी छातीवर क्रूस काढला.

ठेकेदार एव्हेलिओ कुदळ घेऊन वर गेला आणि मडकं घेऊन उतरला. "मला स्वप्नात दृष्टान्त झाला होता," तो म्हणाला. "निर्मळ मनाच्या माणसालाच सोनं हाक मारतं."

या निर्मळ मनाने गावच्या नळयोजनेचा ठेका आणि पैसे घेतले होते. पाइप कधी आलेच नाहीत. त्याचा बंगला मात्र वर्षभरात उभा राहिला, शिवाय गुरांची दोन कुरणं.

मग सरकारी वकील नोहेमीबाई आल्या. शाळेच्या हॉलमध्ये चौकशी बसली. "तुमच्या कमाईत ही मालमत्ता बसत नाही, हे मी दाखवलं," त्या म्हणाल्या. "ती आली कुठून, हे आता तुम्ही दाखवा. नाही दाखवलंत तर सरकारजमा होईल."

"गुप्तधन सापडलं, बाई. सारा गाव साक्षीला आहे."

"विकलंत कुणाला?"

"देवाच्या देणगीची पावती कोण ठेवतं?"

गाव हसला. ओफेल्मिना मावशी जाळ पाहिल्याची साक्ष द्यायला उठल्या. मी याच शाळेत विज्ञान शिकवते; मीही हॉलमध्ये होते. 'मिरवणुकीनंतर टेकडीकडे बघत राहा,' असं एव्हेलिओने गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच गावाला सांगितलेलं मला खटकत होतं. जमिनीतल्या सोन्याला मिरवणुकीची वेळ कशी कळली?

वकीलबाईंची परवानगी घेऊन मी पडदे ओढले, डबीतला कापूस स्पिरिटमध्ये भिजवला आणि काडी लावली. निळी ज्योत थरथरली.

"मावशी, अशीच होती का?"

त्या पुढे येऊन ज्योतीवर वाकल्या. "अशीच."

"शाळेतली जादू आहे ही," एव्हेलिओ गुरगुरला. "माझं सोनं खरं होतं."

"मग अडचण वाढली," नोहेमीबाई शांतपणे म्हणाल्या. "पुरलेला प्राचीन ठेवा देशाचा असतो. तो तुम्ही विकलात कसा? आणि ठेवा नसेल, तर पैसा कुठला?"

मग नोहेमीबाई मावशींकडे वळल्या. "तुम्ही सोनं पाहिलंत?"

"जाळ पाहिला, मडकं पाहिलं." मावशींचा आवाज बारीक झाला. "मडक्यावर फडकं बांधलेलं होतं, पोरी. सोनं आम्हीच मनाने भरलं."

कोर्टाने बंगला आणि कुरणं जप्त केली. नळाला पाणी यायला आणखी दोन वर्षं लागली. त्या वर्षांत गावाने माझ्याशी धड बोलणंही टाकलं होतं. चमत्कार हिरावून घेणारा कुणाला आवडत नाही. तरी सांगते: कुणी एकाएकी श्रीमंत झाला, तर त्याच्या पाया पडण्याआधी मडक्यावरचं फडकं सोडायला सांगा.